वायरलेसमधली वायर

वारंगा फाटा, ता. कळमनुरी
होळीच्या आधीचा आठवडा

चि. ताई,

परवा फोनवर तू एका दमात तीन फर्मानं सोडलीस. राउटर जुना झाला, फाइव्ह-जीचा घ्या. चाळीसचा प्लॅन पुरत नाही, शंभरचा घ्या. आणि आजीला सांगा, रात्री बटण बंद करत जाऊ नका. मी नुसतं "बघतो" म्हणालो. तुला वाटलं असेल म्हातारा टाळतोय. टाळत नव्हतो गं. सारा जन्म टेलिफोनच्या खांबावर चढण्यात गेला. तक्रार आली की आधी लाइन तपासायची, मग गिऱ्हाइकाला नवा डबा घ्यायला सांगायचं, ही सवय काही पेन्शनीबरोबर सुटत नाही. चार दिवस तपासलं. रुपया खर्च झाला नाही. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून कागद काढला.

आधी राउटर कुठं सापडला ते ऐक. लोखंडी कपाटात! उंदरं वायर कुरतडतात म्हणून तुझ्या आईनं तो साड्यांच्या खालच्या खणात ठेवला होता, मागच्या भोकातून वायर आत घेऊन. दार लावलेलं, किल्ली तिच्या कमरेला. कपाटाच्या अंगाला पिण्याच्या पाण्याचा दोनशे लिटरचा ड्रम. म्हणजे बघ, रेडिओच्या लहरीचे दोन हाडवैरी, लोखंड आणि पाणी, आपण पहाऱ्याला बसवले होते. लोखंड लहर परत फेकतं, पाणी ती पिऊन टाकतं. माणसाच्या अंगातही पाणीच फार, त्यामुळं लग्नाच्या मांडवात वायफाय मंदावतं ते काही नजर लागून नाही.

राउटर काढला, पुसला, मधल्या खोलीतल्या खुंटीवर छातीएवढ्या उंचीवर टांगला. त्याच्या दोन दांड्या तुझ्या भावानं तुझ्या खोलीकडं रोखून ठेवल्या होत्या, बंदुकीसारख्या. सगळे हेच करतात. दांडीच्या टोकातून लहर निघत नाही. ती निघते दांडीच्या चहूबाजूंनी. डोक्यावर घागर घेताना आजी चुंबळ ठेवते ना, तिच्या भोकात दांडी उभी घातली असं समज. ती चुंबळ म्हणजे लहरीचा पसारा. दांडी तुझ्याकडं रोखली की तुझ्या वाट्याला चुंबळीचं भोक येतं. दोन्ही दांड्या उभ्या केल्या. तुझ्या खोलीत जिथं चक्र नुसतं फिरत होतं तिथं काल तुझ्या भावानं क्रिकेटची मॅच न अडखळता बघितली. अभ्यास केला नाही, ती गोष्ट वेगळी.

आता तुझ्या फाइव्ह-जीचं. तू ज्याला फाइव्ह-जी म्हणतेस ते आपल्या राउटरला आधीपासूनच आहे. फोनमध्ये दोन नावं दिसतात, एकाच्या शेपटीला "५जी" लावलेलं. ते मोबाइलचं फाइव्ह-जी नव्हे. मोबाइलमधला जी म्हणजे पिढी, पाचवी पिढी, जी आपल्या देशात १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. राउटरवरचा जी म्हणजे गिगाहर्ट्झ, लहर सेकंदाला किती वेळा हेलकावते त्याचं माप. दोघांचं आडनाव एक, नातं काही नाही. आपल्या डब्यात २.४ आणि ५ अशा दोन लहरी आहेत. पहिलीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, दुसरीची त्याच्या निम्म्याहून कमी. आखूड लहरीवर माल जास्त जातो, पण भिंत आली की तिचा दम लवकर सुटतो. आणि आपलं जुनं घर म्हणजे माळवद. पांढऱ्या मातीच्या दोन-दोन हात जाड भिंती, उन्हाळ्यात गारवा देणाऱ्या. शहरातल्या फ्लॅटसाठी केलेली शिफारस इथं चालत नाही. तू राउटरच्या खोलीत बसलीस तर ५ वर जा, आतल्या खोलीत असशील तर मुकाट्यानं २.४ धर.

प्लॅनचा हिशोबही सांगून टाकतो, कारण तुझ्या बाबांशीच भांडण झालं माझं त्यावरून. त्यांना वाटतं चाळीसचा प्लॅन म्हणजे सेकंदाला चाळीस एमबी. कंपनी मोजते बिटमध्ये, फाइल मोजली जाते बाइटमध्ये, आणि आठ बिटांचा एक बाइट. चाळीसला आठानं भागलं की पाच. सेकंदाला पाच एमबी, तेही रस्ता मोकळा असेल तर. यात फसवणूक नाही, क्विंटलमध्ये बोलणाऱ्याशी किलोत भांडण्यासारखं आहे ते. राउटरच्या खोक्यावर ३०० छापलेलं असतं, तो आकडा प्रयोगशाळेतला. पदरात त्याच्या निम्मं पडलं तरी नशीब.

पण खरी गोष्ट मला वेगळीच सांगायची आहे. गेल्या महिन्यात अडीच दिवस इंटरनेट बंद होतं, आठवतं? तू म्हणालीस, "आबा, वायफायच्या तर सगळ्या कांड्या फुल दिसतायत!" तुझ्या बाबांनी राउटर दहा वेळा बंद-चालू केला. मी फाट्यावर गेलो. रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीनं नाल्याच्या कडेला चर खणला होता आणि चरात काळी केबल तुटून पडली होती, ऊस तोडल्यासारखी. दोन पोरं छत्री लावून जोड देत बसली होती. मी तासभर तिथंच उकिडवा बसलो. माझ्या काळात तांब्याच्या जोड्या सोलायच्या, पीळ मारायचा, टोन लावून ऐकायचं. ह्यांच्या हातात केसाएवढी काच. त्या काचेच्या गाभ्याची जाडी साधारण नऊ मायक्रॉन. डोक्याचा केस त्यापुढं दोरखंड. दोन टोकं मशिनीत समोरासमोर धरतात, ठिणगी पडते, काच काचेत वितळते. पोरगं म्हणालं, "आजोबा, शिंकू नका."

तर ह्या कांड्या काय सांगतात? तुझ्या फोनला आपला राउटर किती चांगला ऐकू येतो, एवढंच. राउटरच्या पलीकडं काय चाललंय त्याचा त्यांना पत्ता नसतो. नळाला तोटी चकचकीत आहे म्हणून टाकीत पाणी असतंच असं नाही. वायफाय म्हणजे इंटरनेट, ही जी समजूत घराघरात बसली आहे तिच्यातून निम्म्या तक्रारी निघतात.

माणसं मला म्हणतात, "दाजी, तुमचं तारेचं खातं बुडालं, आता सगळं हवेतून." मी विचारतो, हवेतून किती? आपल्या घरात पंचवीस-तीस फूट. मोबाइल असेल तर फोनपासून फाट्यावरच्या टॉवरपर्यंत. टॉवरच्या पायथ्याला जाऊन बघ, लोखंडी पेटीतून केबल निघते ती सरळ जमिनीत शिरते. हिंगोलीच्या आणि नांदेडच्या रस्त्याकडेनं ती जमिनीखालूनच पळते. मुंबईला वर्सोव्याच्या वाळूखालून समुद्रात उतरते आणि तळाशी पडून पार युरोपात निघते. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या केबली तुटल्या तेव्हा आपल्या देशातलं इंटरनेट लंगडं झालं होतं. उपग्रहावरून सगळं येतं असं सांगणारे मास्तरही मला भेटलेत. टीव्हीचे उपग्रह वर ३६,००० किलोमीटरवर. तिथवर हाक जाऊन खाली यायलाच पाव सेकंद लागतो. उत्तर यायला आणखी पाव. पूर्वी परदेशी ट्रंक कॉलला "हॅलो" म्हटल्यावर जी अवघडलेली शांतता पसरायची ती हीच. तुझ्या व्हिडिओ कॉलवर ती नसते, कारण तो काचेतून जातो. वायरलेस हा शब्द मोठा लबाड आहे, ताई. सगळी तारच आहे. शेवटच्या वितीला तेवढी कापलेली.

आणि त्या शेवटच्या वितीतच सगळ्या कटकटी. का ते कळायला फाट्यावरच्या एका खिचडीच्या हॉटेलात चल. नागपूरकडून हदगाववरून येणारा रस्ता आणि अकोल्याकडून हिंगोलीवरून येणारा रस्ता आपल्या फाट्यावर मिळतात, नांदेडला जाणारी गाडी खिचडीसाठी थांबतेच. ह्या हॉटेलवाल्यानं पाटी लावली, "फ्री वायफाय". दुपारी दोन ट्रॅव्हल्स एकदम थांबल्या की त्याचं स्वतःचं पैसे घ्यायचं यंत्रही चालेना. मला बोलावलं. त्याचं म्हणणं तुझ्यासारखंच, मोठा प्लॅन घेऊ का?

मी त्याला त्याचाच गल्ला दाखवला. गल्ल्यावर माणूस एक. समोर चाळीस गिऱ्हाइकं, पण एका वेळी बोलणार एक. वायफायचंही तसंच: एका वाहिनीवर एका वेळी एकानंच बोलायचं. बोलायच्या आधी कान देऊन ऐकायचं, कोणी बोलत नाही ना. दोघं एकदम बोलले तर दोघांचंही वाया. मग दोघांनी मनाला येईल तेवढं थांबायचं आणि पुन्हा बघायचं. ही रीत मोठी गमतीची आहे. हवाई बेटांवरच्या विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन नावाच्या प्राध्यापकानं १९७१ साली बेटाबेटांवरची यंत्रं रेडिओनं एका संगणकाला जोडली, त्याचं नाव आलोहा. टक्कर झाली तर थोडं थांबून पुन्हा बोला, ही शिस्त तिथली. खेड्यातल्या सार्वजनिक फोनसाठी रेडिओवरचे संच बसवले होते ना नव्वदच्या दशकात, मोजक्या वाहिन्या आणि त्यांवर बरीच गावं, त्यातही भांडण रांगेचंच होतं.

आता गंमत ऐक. रांगेत सगळ्यात जास्त वेळ कोण खातं? ज्याला भूक जास्त तो नव्हे. जो हळू बोलतो तो. रस्त्यापलीकडं उभ्या ट्रकमध्ये क्लीनर पोरगं फोन घेऊन पडलं होतं. इतक्या लांबून त्याच्या फोनला राउटर पुसट ऐकू येतो, म्हणून दोघं सावकाश, एकेक अक्षर उच्चारत बोलतात. पाळी त्यालाही सगळ्यांइतकीच मिळते, पण त्याची पाळी संपायला दहापट वेळ. गल्ल्यावर चिल्लर मोजत बसलेल्या म्हाताऱ्यासारखं. मागचे सगळे ताटकळतात आणि शिव्या कंपनीला. प्लॅन शंभराचा घेतला असता तरी तो क्लीनर तितकाच वेळ बोलत राहिला असता. मी काय केलं, पैशाच्या यंत्राला सरळ तारेनं जोडलं. ते रांगेतून उठलं. हॉटेलवाल्यानं खिचडीचे पैसे घेतले नाहीत.

म्हणूनच ते "रिपीटर लावा" म्हणणाऱ्यांचं फार ऐकू नकोस. साधा रिपीटर एक गोष्ट ऐकतो आणि त्याच हवेत तीच पुन्हा बोलतो. वेळ दुप्पट लागला, वेग निम्मा झाला. कांड्या मात्र भरलेल्या दिसतात, त्यामुळं घेणारा खूश.

एक आडवाट घेतो. आपल्या हळदीच्या शेडमध्ये पत्रेच पत्रे, लहर इकडून आपटून तिकडं जाते, एकच शब्द चार वाटांनी चार वेळा कानावर पडतो. रिकाम्या विहिरीत ओरडल्यासारखं. घराच्या आत वायरलेस वेगानं चालेना ते ह्या घुमण्यामुळंच. त्यावर तोड काढली ऑस्ट्रेलियाच्या सरकारी संशोधन संस्थेतल्या जॉन ओसुलिव्हन आणि त्याच्या सोबत्यांनी. हा माणूस मुळात आकाशात फुटणाऱ्या कृष्णविवरांच्या रेडिओ-खुणा शोधत होता. त्या सापडल्या नाहीत. पण विस्कटलेल्या लहरी निवडून काढायचं जे गणित त्यानं हातात घेतलं होतं, ते नव्वदच्या दशकात वायफायच्या कामी आलं. आपल्या औंढ्याजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी, लायगोची चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची वेधशाळा उभी राहणार म्हटल्यावर पारावर विचारणा झाली, "ह्याचा हळदीला काय उपयोग?" मी हा ओसुलिव्हन सांगितला. पटलं नाही कुणाला. तू मध्ये पाठवलंस ना, की हेडी लमार नावाच्या नटीनं वायफायचा शोध लावला? बाई हुशार होती यात शंका नाही. १९४२ साली तिला आणि एका संगीतकाराला पेटंट मिळालं, वाहिन्या बदलत बदलत संदेश पाठवायचं. ती कल्पना ब्लूटूथच्या घराण्यातली. आपल्या राउटरशी तिचं नातं लांबचं. पुढं पाठवताना एवढी दुरुस्ती कर.

आता आजीचं. तुझी वहिनी दिवसात आहे, म्हणून आजी रात्री बटण बंद करते. तिच्यावर चिडू नकोस. तिला कोणीतरी मोबाइलवर दाखवलं की राउटर म्हणजे मायक्रोवेव्ह शेगडी. लहर जवळपास सारखीच, ते खरं. पण शेगडी बंद पेटीत आठशे-हजार वॅट कोंडते. आपला राउटर मोकळ्या खोलीत वॅटचा दहावा हिस्सा सोडतो. जुन्या काळच्या देवघरातल्या शून्याच्या बल्बलाही ह्याच्यापेक्षा कितीतरी जास्त लागायचे. आणि दूर गेलं की तेही झपाट्यानं विरळ होतं. अंतर दुप्पट तर जोर चौथाई. ह्या लहरीत रेणू फोडायची ताकद नाही, एक्स-रेत असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं मे २०११ मध्ये रेडिओ-लहरींना "कदाचित" ह्या वर्गात टाकलं, ते भीती घालायला पुरतं. त्याच वर्गात आशियातल्या पारंपरिक पद्धतीनं मुरवलेल्या भाज्याही आहेत. पुरावा मर्यादित आहे, एवढाच त्या वर्गाचा अर्थ.

टॉवरचं याहून उलटं आहे. शेजारच्या एका गावात लोकांनी टॉवर होऊ दिला नाही. आपल्या सरकारनं १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्शावर आणली, ते कोणी वाचत नाही. आणि टॉवर लांब गेला की होतं काय? खिशातला फोन टॉवरला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं ओरडायला लागतो. छातीशी धरलेला फोन ओरडतो, लांबचा टॉवर नव्हे. २०२१ च्या मे महिन्यात माणसं पटापट जात होती तेव्हा फाइव्ह-जीच्या चाचणीमुळं करोना पसरतो अशी आवई उठली, सरकारला खुलासा काढावा लागला. धंद्याचं फाइव्ह-जी यायला तेव्हा वर्षाच्या वर अवकाश होता. भेदरलेल्या माणसाला दिसेल असा शत्रू लागतो आणि टॉवर लांबून दिसतो.

तरी मी आजीला बटण बंद करू देतो. झोपेत कुणाला इंटरनेट लागत नाही, आणि तुझ्या वहिनीला शांत झोप लागते.

एका गोष्टीत मात्र मी कुणाचं ऐकणार नाही. तुझ्या भावानं आपला पासवर्ड गल्लीभर वाटलाय. "आबा, त्यांनी वापरलं म्हणून आपलं काय झिजतं?" २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. काही मिनिटं आधी टीव्हीवाल्यांना धमकीचा मेल गेला होता. पोलिसांनी माग काढला तो नव्या मुंबईत, सानपाड्याच्या एका फ्लॅटमध्ये. तिथं राहत होता एक अमेरिकन गृहस्थ, बायकापोरांसह. त्यानं मेल पाठवला नव्हता. त्याचं वायफाय उघडं होतं, आणि कुणीतरी ते बाहेरून वापरलं होतं. संगणक जप्त, जबान्या, दारात कॅमेरे. त्या काळात असे आणखीही मेल मुंबईत दुसऱ्यांच्या वायफायवरून गेले. इंटरनेटवरचा पत्ता हा घराचा असतो, माणसाचा नाही. पण पोलीस येतात ते घरीच. मी आज पासवर्ड बदलला. सोळा अक्षरं, आजीच्या माहेरच्या गावाचं नाव मध्ये घालून. तू आलीस की कानात सांगेन.

तुझ्या भावानं यावर तोडगा सुचवला, की नावच लपवून टाकू, म्हणजे कुणाला दिसणारच नाही. हे तर अगदीच उफराटं. राउटरनं नाव सांगायचं सोडलं की तुमच्या फोनांना हाका मारत फिरावं लागतं. तू नांदेडच्या स्टँडवर उभी असलीस तरी तुझा फोन खिशातून विचारत राहणार, "आमचं घर इथं आहे का?" तेही नाव घेऊन. लपवलं घर आणि पत्ता सांगत सुटलं पोरगं.

हळद शिजवायला काढली आहे. शेडमध्ये कुकरची वाफ, पोरांचे हात पिवळे. तुझ्या बाबांना तिथं कॅमेरा लावायचाय, गेल्या वर्षी वाळत घातलेली दोन पोती गेली तेव्हापासून. मध्ये पत्रे आणि पाण्याचा हौद. वायफायनं तिथं जमणार नाही, मी स्पष्ट सांगितलंय. तेव्हा येताना वजिराबादेतून चाळीस मीटर केबल आण, कॅट-सिक्स म्हणून माग. अस्सल तांब्याची घे. ॲल्युमिनियमवर तांब्याचं पाणी दिलेली स्वस्तात पदरात बांधतात, आणि वर सांगतात की एकच आहे. टोक नखानं सोल, चाकूच्या पात्यानं तार थोडी खरवड. आतून पांढरी निघाली तर दुकानदाराला परत दे.

आजीनं तुझ्यासाठी ओल्या हळदीचं लोणचं घातलंय. डबा रिकामा घेऊन ये.

तुझे,
आबा